हिरव्या धाग्याचा फोटो

“चोर मीच आहो, असं फोल्डर म्हणून राहिलं,” ऋतुजा म्हणाली आणि तिनं तोंडाला रुमाल लावला.

सोनिका जयस्वालची खासगी तपासाची कचेरी म्हणजे इतवारीतल्या काकांच्या कापडदुकानावरची खोली. काका, म्हणजे ओमप्रकाशजी, दुकानात कमी आणि वरच जास्त सापडत. आपल्यावाचून पुतणीचं एकही प्रकरण सुटत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तिनंही ती कधी मोडली नव्हती.

“पहिल्यापासून सांग,” सोनिका म्हणाली.

उद्या ऋतुजाच्या वडिलांची, बाबूलालजींची पंच्याहत्तरी. त्यांना न सांगता तिनं क्लाउडवर एक फोल्डर उघडलं आणि उमरेड, खापा, सावनेर, सगळीकडच्या नातेवाइकांना लिंक पाठवली: आईबाबांचे फोटो, व्हिडिओ जे असतील ते टाका. कोणी आडवे फोटो टाकले, एका मावशीनं नुसती सुप्रभातची फुलं टाकली. पण त्यात भूपेशनं, ऋतुजाच्या भावानं, टाकलेला एक व्हिडिओ होता. हिरवं लुगडं नेसलेली आई स्वयंपाकघरात बोलत बसलेली. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

“तो व्हिडिओ गायब आहे. भूपेशचा फोन खाप्याला नदीत पडला, त्यामुळं त्याच्यापाशीही नाही. क्लाउडच्या कचऱ्याच्या डब्यातही पाहिलं.”

सोनिकानं फोल्डर चाळलं. “उडवला नाही, हलवला आहे. आणि तुह्याच नावानं. पासवर्ड कोणाले दिला?”

“कोणालेच नाही. नवा फोन घेतला तेव्हा मीच टाकला.”

“जुना फोन?”

“बाबाले दिला. भजनं ऐकतात.”

सोनिका एका फोटोवर थांबली. फरशीवर हिरव्या धाग्याचा तुकडा, मधोमध गाठ मारलेली. “हाही तुह्याच नावानं आला.”

“मी नाही टाकला हा,” ऋतुजा म्हणाली.

“खिशात फोन असला का आपोआप निघते फोटो,” काका म्हणाले. “माहे तर रोज निघते.”

गोळीबार चौकातल्या घरी मंडपाचे बांबू येऊन पडले होते. भूपेश त्यांच्यावर नजर ठेवून उभा होता.

“तुम्ही व्हिडिओ दाखवू नका म्हणत होते म्हणे,” सोनिकानं विचारलं.

“म्हटलं ना. आनंदाच्या दिवशी बाबाले काहून रडवाचं? पण मी काढला नाही जी. मायची तेवढीच आठवण हाय, माहा हात कसा धजन?”

बाबूलालजींचे धाकटे भाऊ हेमराज ओसरीवर दाढी करत होते. दाढीचे खुंट पांढरे, केस मात्र भलतेच काळेभोर होते.

“वहिनीनं त्याच्यात माह्या टोपाची टिंगल केली हाय,” त्यांनी आपणहून कबूल केलं. “सगळ्यायसमोर लागन म्हणून मले धाकधूक होती. पण चोरी? आमच्या विणकर सोसायटीच्या गोदामाले कुलूप नव्हतं गा. सगळ्यायचे विणलेले नग एकाच ढिगात. ज्यानं आपला उचलला, तो त्याच रंगाचा धागा खुणेले ठेवून जाय. तुमच्या या क्लाउडले तेवढीही रीत नाही.”

“मी आणि दादा दोघंही तिथंच घडलो,” असंही ते म्हणाले.

काकांनी पुतणीच्या कानाशी तोंड नेलं. “हाच आहे. धागा ठेवणारा.”

“धागा त्यांनी ठेवला असता, तर त्यांच्या नावानं दिसला असता,” सोनिका म्हणाली. “चला आत.”

आतल्या खोलीत बाबूलालजी पलंगावर बसले होते. हातात ऋतुजाचा जुना फोन. सोनिकानं ऋतुजाला शेजारी बसवलं.

“चोरी झालीच नाही,” ती हळू म्हणाली. “व्हिडिओही ऋतुजाच्या नावानं हलला, धागाही तिच्याच नावानं आला. तिनं केलं नाही, म्हणजे तिचं खातं आणखी एका फोनात आहे. जुना फोन देताना तिनं खातं काढलं नाही. फोल्डर तिच्या बाबालेही दिसत होतं. आईचं लुगडं हिरवं, धागा हिरवा. चोर खूण ठेवत नाही. आपला नग ढिगातून उचलणारा विणकर ठेवतो. त्याले काय माहीत, का इथं एकानं उचललं तर सगळ्यायचंच जाते.” ती ऋतुजाकडे वळली. “तू फोल्डर आणि कचरा पाहिला. तुह्याच खात्यात एक बिननावाचं फोल्डर असन, ते उघड.”

ऋतुजानं उघडलं. व्हिडिओ तिथं होता.

“सगळ्यायचं गेलं का वं?” बाबूलालजी घाबरून म्हणाले. “मले वाटलं, मी आपला तेवढा घेतला.”

“नाही गेलं बाबा,” ऋतुजा म्हणाली. तिला त्यांच्यावर रागावायचं होतं, ते जमलं नाही. “पण काहून घेतला? उद्या मी तुम्हालेच दाखवणार होती.”

“लोकायसमोर ना. तुम्ही सगळे भूपेशनं फोन ओट्यावर पालथा ठेवला तिथंच बंद करता. पुढं अंधार हाय. पण आवाज चालू हाय. पोरं बाहेर गेली, मी न् तुही माय जना, दोघंच होतो. जनानं जन्मभर माहं नाव घेतलं नाही. तिथं घेतलं.”

काकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“उजेडातलं सगळ्यायले दाखव,” बाबूलालजी म्हणाले. “हेमराजच्या टोपासकट. अंधारातलं माह्यापाशी राहू दे.”

“राहू देते,” ऋतुजा म्हणाली.

सोनिका काकांना घेऊन निघाली. दार लोटताना तिनं पाहिलं, म्हाताऱ्यानं लेकीला खांद्याशी ओढलं होतं. “तू ऐक एकदा. तुही माय हाय,” असं म्हणून त्यांनी फोन दोघांच्या मध्ये धरला.

पडदा काळा होता. भांड्याचा आवाज आला, मग जनाबाईंचा, हसू दाबलेला.

“बाबूलाल, जेवून घ्या जी. मी आहो ना इथंच.”