नवी सीडी आणि न उलगडणारी गाठ

“बबितानंच काहीतरी दाबलं असणार!” सुरूच न होणाऱ्या संगणकाकडे बघत नीळकंठमामा कडाडले. “हा संगणक आजच आर्णीला परत नेतो!”

मधुवंतीनं कपाळाला हात लावला. दिवाळीच्या सुटीत गावोगावचे संगणक सांभाळणाऱ्या मामाबरोबर बंजाऱ्यांच्या तांड्यावर यावं, तर दर वेळी हेच! बिघाड कुठलाही असो, दोष पोरांचाच!

“म्या फकत बटन दाबलं, साहेब,” बबिता रडवेली झाली. समाजमंदिरातल्या या संगणकावरून ती रोज साऱ्या तांड्याला हवामानाचा अंदाज वाचून दाखवायची. गेल्या साली पावसात भिजलेल्या कापसाला कुणा व्यापाऱ्यानं हातही लावला नव्हता. तेव्हापासून सगळे तिच्या अंदाजावर विसंबून असत.

“काल मी नवी सीडी टाकली. आर्णीत तीच मस्त चालते. मग इथंच काहून नाही?” मामा तणतणत बबिताच्या आईकडे, मानीबाईंकडे, चहाला गेले.

“ओम, पुन्हा लाव!” मधुवंती बबिताच्या भावाला म्हणाली.

पडद्यावर मेमरीचा आकडा चढत सोळावर थांबला.

“अरे! आर्णीत हा चौसष्टपर्यंत जातो!” मधुवंती म्हणाली.

मग दाबून लहान केलेला प्रोग्राम उलगडत असल्याची इंग्रजी ओळ आली आणि सगळं ठप्प!

“हरेक डाव इथंच अटकते,” ओम वैतागला.

“संगणक सुरू होताना आधी कर्नेल हा मुख्य प्रोग्राम मेमरीत उलगडतो. सीडीतला नवा कर्नेल जुन्यापेक्षा बराच मोठा आहे!” मधुवंतीनं सांगितलं.

“जिनिंगमधली कापसाची दाबलेली गाठ आमच्या खोलीत सोडल्यावानी!” बबिता ओरडली. “आत तर जाते, पण सोडली का उभं राह्यले जागा नाही!”

“अगदी तस्सं! आणि मामांनी खोली न मोजताच गाठ टाकली! पण जुना कर्नेल पुसला नसेल तर...”

“झाला चहा!” बाहेरून मामांचा आवाज आला.

“याडी, साहेबाले अजून एक कप दे वो!” ओमनं खिडकीतून आईला हाक दिली.

संगणक पुन्हा सुरू होताच पडद्यावर दोन कर्नेलची नावं आली. मधुवंतीनं बाणाची कळ दाबून खालचं, जुनं नाव निवडलं. ओळी भराभर सरकल्या. सुरू झाला!

बबितानं अंदाज उघडला आणि ती किंचाळतच बाहेर धावली. “पाणी येऊन राह्यलं! कापूस आत घ्या!”

अंगणाअंगणांतून गाठोडी उचलली गेली. दोन तर मामांनीच वाहिली. शेवटचं आत गेलं आणि टपटप थेंब पडू लागले.

“आता नेता का संगणक, साहेब?” मानीबाईंनी विचारलं.

मामांनी ओशाळून समाजमंदिराची किल्ली बबिताच्या हातात दिली. “चूक माझी होती, पोरी. शाबास तुम्हा तिघांची!”

“मामा,” मधुवंतीनं डोळे बारीक केले, “ही सीडी आणखी कुठं कुठं टाकलीत?”

मामांचा चेहरा उतरला. “चार गावांत...”

“बबिता, ओम, बसा जीपमध्ये!”