पहिल्या विजेचा मान

ही गोष्ट लिहायचीच नाही, असं सुजय डोर्लेकरनं जवळजवळ ठरवलं होतं. चार ओळी टाइप करायच्या, पुसायच्या. नोकरी गेली ती गेली, आता गप्प बस, असं सगळे सांगत होते. पण परवा बाजारात एक जण त्याच्या तोंडावर म्हणाला, "खारवण्याच्या लोकांनी मुद्दाम शहर अंधारात ठेवलं." सुजयचं डोकंच फिरलं. घरी आला आणि लिहायला बसला. झालं ते असं झालं.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी अख्ख्या किनाऱ्याची विजेची ग्रिड कोसळली, तेव्हा सुजय खारवणे बंदरावरच्या नियंत्रण कक्षात ड्युटीवर होता. समोरच्या काचेतून समुद्र दिसत होता. लांबवर कंपनीच्या पवनचक्क्या. वारा सणसणीत, आणि पाती सगळी थांबलेली. शेजारी डॉ. गौतमी केळुसकर उभ्या होत्या. ही यंत्रणा त्यांच्याच डोक्यातून निघालेली.

"शून्यारंभ सुरू कर," मॅडम म्हणाल्या.

शून्यारंभ म्हणजे सगळीकडची वीज मेलेली असताना शून्यातून ती उभी करायची. साध्या पवनचक्कीला ते जमत नाही. ती टाळकऱ्यासारखी, पखवाज वाजत असेल तरच ताल धरणार. ग्रिड गेली की वारा कितीही असो, ती गप्प. मॅडमच्या चक्क्या 'तालधर' होत्या. पोटातल्या बॅटरीवर जागं व्हायचं, सेकंदाला पन्नास ठोक्यांचा ताल आपणच धरायचा, शेजारणीला उठवायचं, आणि समुद्राखालच्या केबलनं वीज किनाऱ्याला आणायची. किनाऱ्यावर पहिलं खारवणे गाव, मग तालुका, मग शहर, आणि सगळ्यात शेवटी कंपनीची कॉलनी. "यजमान शेवटी जेवतो," असं मॅडम उद्घाटनाला म्हणाल्या होत्या. काय टाळ्या पडल्या होत्या तेव्हा!

हा पहिला मान खारवण्यानं भांडून घेतला होता. चक्क्यांपायी मासेमारीची जागा गेली, तेव्हा कंपनीनं सभा बोलावली. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून गावं जशी हमरीतुमरीवर येतात, तशीच तिथं पहिली वीज कुणाची यावरून आली. सुजय खारवण्याचाच. त्यानं माइक हिसकावला आणि ओरडला, "समुद्र आमचा गेला, तर पहिला उजेड पण आमचाच!" गावानं त्याला उचलून घेतलं.

मग मे महिन्यात शून्यारंभाचा सराव झाला. गावानं स्विचला हार घातला, नारळ फोडला. पहिली वीज आली आणि बघता बघता मुजम्मिल होडेकरच्या बर्फाच्या कारखान्यातली मोटर जळली. कितीतरी घरांतले फ्रीज गेले. बर्फ नाही म्हणून बंदरातला बांगडा खड्ड्यात पुरावा लागला. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. "तुमची वायरिंग जुनी आहे," म्हणाला. मुजम्मिल सुजयचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं सगळी वायरिंग नवी घातली. पावसाळ्यात दुसरा सराव झाला. दुसरी मोटरही जळली.

आणि आज खरीच ग्रिड गेली होती.

सुजयनं बटण दाबलं. लांबवर एक पातं हललं, मग दुसरं. स्क्रीनवर विजेचा दाब चढायला लागला, चढतच गेला, आणि फाट्कन सगळं बंद. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"गाव भारच घेत नाहीये, वीजच ओढत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "खारवण्याचा भार शून्य? शून्य कसा असेल?"

सुजयनं मुजम्मिलला फोन लावला, स्पीकरवर.

"मुजा, गावात काय झालंय?"

"काय नाय. घराघरातले मेन स्विच खाली ओढलेत. मशिदीतनं पण सांगितलं, देवळातनं पण सांगितलं. पहिला मान नको आम्हाला. शहराला दे आधी. आम्ही थांबतो."

"अरे, पण..."

"पण काय मेल्या? दोन मोटरी गेल्या. तिसरी आज सकाळी बसवलीय. ही गेली तर माझा कारखाना संपला. आणि बर्फ नसला तर या बंदरातनं एक होडी बाहेर पडेल काय, तूच सांग."

"त्याला सांग स्विच वर करायला," मॅडम म्हणाल्या.

"का? ते थांबायला तयार आहेत. शहराला द्या ना आधी."

"जमत नाही तसं. एवढ्या लांबीची केबल समुद्राखाली पडलीय. टोकाला वीज खाणारं कुणी नसेल, तर तिच्यातला दाब नुसता चढत जातो आणि यंत्रणा जीव वाचवायला बंद पडते. शहराची भूक फार मोठी, ते एका घासात चक्क्यांना खाली बसवेल. पहिला खाणारा लहान लागतो, आणि जवळचा."

"मग आपलं गाव जळतं कसं?"

मॅडमनी स्क्रीनवरच्या रेघेवर बोट ठेवलं. "सुरुवातीला ताल डगमगतो. दाब खाली-वर उसळतो. ते हेलकावे कुणीतरी गिळावे लागतात. मग पुढच्यांना स्वच्छ वीज मिळते."

"गिळतं कोण?"

"जो पहिला असतो तो."

"म्हणजे मोटरी गिळतात. फ्रीज गिळतात. मग ती वायरिंग?"

मॅडमनी नजर चुकवली नाही. "मूळ आराखड्यात भारपेटी होती. हीटरांची खोली. हेलकावे प्यायचे आणि समुद्राचं पाणी तापवायचं, एवढंच तिचं काम. सभेनंतर मी ती काढून टाकली. गाव आपणहून पहिलं मागत होतं, सुजय. तूच मागत होतास. मग पेटी कशाला?"

फोन चालूच होता.

"ऐकलं मी," मुजम्मिल म्हणाला.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. शहराच्या वीज केंद्रातला माणूस ओरडत होता. इस्पितळाचं डिझेल संपत आलंय, व्हेंटिलेटरवर पेशंट आहेत, लवकर काहीतरी करा.

"बघ," मॅडम म्हणाल्या. "मोटर भरून देऊ आपण. आता वेळ घालवू नकोस."

"सुज्या," मुजम्मिलचा आवाज पडला होता. "इस्पितळाचं खरंय?"

"खरंय."

"मग काय करणार! टाकतो स्विच. बाकीच्यांना पण सांगतो."

"हात लावू नकोस!" सुजय इतक्या जोरात ओरडला की मॅडम दचकल्या.

त्यानं फलकाकडे बघितलं. गाव आणि कॉलनी एकाच पट्टीवर, शेजारी शेजारी. कॉलनीत चार इमारती, गेस्ट हाउस, क्लब, हेड ऑफिस. तिची भूक जवळपास गावाएवढीच. लहान, आणि जवळची. त्यानं वीज द्यायचा क्रम बदलला. कॉलनी पहिली.

"वेडा झालास काय?" मॅडमनी त्याचा हात धरला. "सर्व्हर जळतील! एसी, सगळं जळेल तिथलं!"

"का हो मॅडम?" सुजय म्हणाला. "तिथली वायरिंग तर नवी आहे ना?"

मॅडमचा हात सुटला. त्यानं बटण दाबलं.

पाती फिरली. दाब चढला, पण या वेळी तुटला नाही. बाजूच्या काचेतून कॉलनीचे दिवे दिसत होते. आधी पांढरेफटक, मग पिवळे, मग पुन्हा पांढरे. गेस्ट हाउसमागं काहीतरी फुटलं आणि काळा धूर निघाला. क्लबचा बोर्ड विझला. मग हळूहळू स्क्रीनवरची रेघ शांत झाली. ताल बसला. सुजयनं तालुका जोडला, मग शहर. इस्पितळात वीज आली, असं पलीकडचा माणूस रडवेल्या आवाजात सांगत होता.

"तुझी नोकरी गेली," मॅडम म्हणाल्या.

"तुमची जाणार नाही, त्याचाच राग येतो," सुजय म्हणाला आणि फोन उचलून बाहेर आला. "मुजा, टाक आता."

"नक्की?"

"टाक रे!"

खट्. मग घरघर. कॉम्प्रेसर चालू झाला आणि चालूच राहिला. दोघंही नुसते ऐकत राहिले.

"नोकरी लागल्यापासून तुझं घर पण कॉलनीतच ना?" मुजम्मिलनं विचारलं. "काकीचा फ्रीज?"

"आईचा फ्रीज गेला असणार. टीव्ही पण."

"चपलेनं मारेल ती तुला."

"मारू दे."

मुजम्मिल हसला. पलीकडे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"सुज्या, शेजारच्या आडगे गावची माणसं आलीयत. आमचं भोंग्यावरचं ऐकून तुमच्या कंपनीचा माणूस लगेच त्यांच्याकडे जाऊन आला म्हणे. विचारतायत, खारवण्यानं पहिला मान सोडला, तर आता आम्हाला मिळेल काय? खूश आहेत रे. हार पण घेऊन आलेत."

सुजय भराभर जिना उतरायला लागला.

"बसवून ठेव त्यांना. मी निघालोय. शब्द देतो मुजा, ती भारपेटी परत बसेपर्यंत या किनाऱ्यावरच्या एकाही गावाला हा मान घेऊ देणार नाही. सभेत उभा राहीन, शिव्या खाईन, त्यांनी दगड मारले तरी बोलेन. तू फक्त माझ्या बाजूला उभा राहा."