नेलपॉलिशची रेघ

आमच्या गॅरेजात चुकून शिरतात ती पत्ता विचारणारी माणसं. बारीक चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट... हाही त्यातलाच, असं मला वाटलं. पण त्याच्या मागे सुपरचार्जर बसवलेली जुनी गाडी शीळ घालत उभी होती.

"पलीकडच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आहे," तो म्हणाला. "हिला... जरा जास्त ताकद हवीय."

"हिला, की तुम्हाला?"

तो हसला. माझ्यासोबत काम करणारे काका मुलीकडे राहायला गेल्यापासून गॅरेजात माझ्याशिवाय कुणी हसलं नव्हतं, आणि एकटीने तरी किती हसायचं?

मी त्याला टायमिंग समजावलं. ठिणगी थोडी आधी पडली की ताकद वाढते. फार आधी पडली की इंजिन आतून ठोकायला लागतं. सुपरचार्जर हवा कोंबून भरतो, म्हणून या गाडीला ते मुळीच सोसत नाही. मी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, बोल्ट आवळला आणि खूण म्हणून लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. ताईने दिलेली ती बाटली माझ्या नखांना कधी लागलीच नव्हती.

पुढच्या गुरुवारी चार वाजता तो हजर. "ताकद कमी झालीय."

रेघ सरकलेली होती. मी आवळलेला बोल्ट सैल पडत नाही. त्याच्या बोटांना मात्र काळं लागलं होतं. मी गप्प बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गप्पच. तोवर मी चहाचे दोन कप मांडायला लागले होते, बुधवारी केस धुवायला लागले होते. हे सांगायचं तरी कुणाला?

चौथ्या खेपेला गाडी गॅरेजसमोरच्या चढावर असतानाच मला टकटक ऐकू आली.

"बंद करा आधी!" मी धावत जाऊन बॉनेट उघडलं. या वेळी रेघ उलट्या बाजूला गेली होती. "दर वेळी मागे फिरवता, आज पुढे फिरवलात; ठिणगी फार आधी पडतेय. अजून चार दिवस चालवली असतीत, तर पिस्टनला भोक पडलं असतं."

तो चष्मा पुसत राहिला. "मला वाटलं... तुम्हाला कळणार नाही."

"दुसऱ्याच खेपेला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

हातातला पाना मी उगाच पुसला. "बोलले असते तर तुम्ही आला नसतात. गुरुवार सोडला तर दिवसभर माझ्याशी नुसती इंजिनं बोलतात."

मी टायमिंग लावलं, बोल्ट जीव खाऊन आवळला. "आता हा तुमच्याने हलणार नाही."

"मग मी – काय सांगून येऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

गुरुवार आला. चार वाजले, सव्वाचार झाले. माझे कान रस्त्याकडे होते, पण शीळ काही आली नाही. चांगलं काम केलं की गिऱ्हाईक लवकर परतत नाही, धंदाच तसा आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि एक कप फळीवर ठेवून दिला. वळले, तर तो दारात उभा होता. बुटांवर धूळ, हातात किल्ली नाही.

"गाडीला काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "छान चालतेय. म्हणून घरी ठेवून आलो."

मी कप पुन्हा खाली काढला.