शिंदीची हिरवी पात

"दोरी जाड घेतलीस का बारीक?" धुळाप्पाकाकांनी विचारलं.

"बारीक. पण शिसं जड," म्हाळसा म्हणाली. "थंडीत मासा वर कामून येईल? तळाला पडून राहायलाय. आपणच त्याच्या दारात जायचं."

हळ्ळीखेडच्या शाळेत दहावीला असलेली ही पोर. गळ-काठ्यांचा पेपर असता, तर पहिलाच नंबर काढला असता. तिच्या चुलतभावाची, राघोबाची लांबलचक काठी तिनं बाजूला सारली.

"कामून गं?"

"ही काठावरनं आभाळ खाजवायला बरी. डोंगीत मासा जवळ घेताना आडवी येती."

तिनं छातीएवढी, शेंड्याला लवणारी काठी उचलली. काका हसले. ते आता थकले होते आणि त्यांची मासे धरायची डोंगी राघोबाला द्यायची, असं घरात ठरत आलं होतं.

"एकटीनं एक मासा काढ," ते म्हणाले. "डोंगी तुझी. घरच्यांस्नी मी सांगतो."

काकांना काठावर ठेवून तिनं एकटीनंच डोंगी आत नेली. ऊन वर आलं होतं, तरी पौषातलं पाणी बोटांना चावत होतं. धरण भरल्याला हा तिसरा हिवाळा. डोंगीखाली जुना ओढा होता, शिंदीचं बन होतं, घरं होती. म्हाळसाला त्याचं काही वाटत नव्हतं. पडक्या भिंतीच्या आडोशाला मरळ बसते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं गांडूळ लावून गळ सोडला. शिसं तळाला टेकलं. हिसका बसला नाही. कुणी दोन बोटांनी दाबून पाहावी तशी दोरी ताणली आणि सैल झाली.

तिनं गळ वर घेतला. गांडूळ नव्हतं. त्या जागी कणकेची गोळी होती, नीट वळलेली. तिनं चिमटीत धरून पाहिली.

कोरडी होती.

"आधीचीच चिकटून राहिली असंल," ती स्वतःशी म्हणाली. तिला ते पटलं नाही, पण हात हलवत परतणं तिच्या स्वभावात नव्हतं. गोळी तशीच ठेवून तिनं गळ पुन्हा सोडला.

या वेळी काठी वाकली. मरळ वर आली. हातभर लांब, जिवंत.

गळ तिच्या तोंडात नव्हता.

बाजारातून मासा घरी न्यायला ओवतात, तशी तिच्या कल्ल्यातून शिंदीची हिरवी पात ओवलेली होती. वर फास, पक्की गाठ. गळ त्या फासात अडकवून दिला होता.

पातही कोरडी होती.

"एकटीनं काढलास न्हवं?" काठावरून काकांनी हाक दिली.

ही गाठ काकांनी पाहिली, तर डोंगी गेलीच. म्हाळसानं पात सोडवली, मुठीत चुरगळली आणि काठावरून दिसणार नाही अशा बाजूनं हात पाण्यात खुपसला.

"व्हय काका. एकटीनं."

तिनं मूठ उघडली नव्हती.

पाण्याखाली कुणीतरी तिची बोटं एकेक करून, न दुखवता, उघडली. पात काढून घेतली.

मग तिची मूठ हलकेच परत मिटवली. तो हात उबदार होता.