सासूच्या मागोमाग

१९४६ च्या कार्तिकात मी अकोले तालुक्यातल्या एका खेड्यात बोलीचा अभ्यास करायला गेलो होतो. काळाच्या ओघात सुटे शब्द एकमेकांना कसे चिकटतात, हा माझा विषय. आज आपण 'घरात' म्हणतो; पूर्वी 'घर' वेगळं होतं आणि 'आंत' वेगळं. दुबळा शब्द शेजाऱ्याला टेकतो. आधी त्याचा जोर जातो, मग अंग झिजतं, शेवटी नुसतं टोक उरतं. याला शेकडो वर्षं लागतात. निदान पुस्तकांत तरी तसं लिहिलंय.

माझी पद्धत सोपी होती. बोलणाऱ्यापुढे मूठभर भात ठेवायचा; जो जो बोल सुटा वाटेल, त्याला एक दाणा. लंकाबाई म्हातारी आणि तिची विधवा सून चांगुणा ओसरीवर येऊन बसल्या. "भात झोडून घरात आणला," एवढंच म्हणायचं होतं. सुनेनं चार दाणे मांडले, सासूनं दोनच. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण चांगुणा सासूपुढे तोंड उघडायला बिचकायची. सुनेला विचारावं आणि सासूनं उत्तर द्यावं, अशीच तिथली रीत. म्हणून मी शक्कल काढली. "सासूच्या मागोमाग बोल," मी म्हणालो, "तिच्याच चालीनं."

तिसऱ्या दिवशी चांगुणानं तीन दाणे मांडले, पाचव्या दिवशी दोन. पुढे म्हातारी बोलायला लागल्याशिवाय तिचे ओठच हलेनात. म्हातारीला ठसका लागला की हिचाही श्वास अडायचा. मी वहीत वेळा टिपत होतो.

सातव्या दुपारी म्हातारीचा डोळा लागला, तेव्हा चांगुणा माझ्याकडे आली. आठवड्यापूर्वी अंगाला बसणारी चोळी आता लोंबत होती.

"मास्तर, मला अकोल्यापातूर न्या. माजा भाऊ हाय तितं."

"का? काय झालं?"

"मी सरत चाल्लेय. हितं मी उरनार न्हाई."

मला तिचा रागच आला. शेकडो वर्षांचं काम डोळ्यांदेखत होत होतं आणि ही मधेच उठून जायचं म्हणत होती. गुरवाचं लक्ष नैवेद्यावर, तशी माझी गत. "दोन दिवस थांब," मी म्हणालो. "मग माझ्याच गाडीतून चल."

ती आणखी काही सांगणार होती. आत म्हातारी जागी झाली आणि हिचं तोंड मिटलं.

आठव्या दिवशी दोघी एका सुरात बोलल्या. मिळून एकच दाणा मांडला.

नवव्या दिवशी ओसरीवर लंकाबाई एकटीच होती.

"सून कुठंय?"

"हाय की."

"कुठं?"

"हितंच."

शेजारच्या कडूबाईला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हातारी एकलीच हाय, मास्तर. कवाची."

मला भीती वाटली. वह्या गोळा केल्या, बैलगाडी बोलावली आणि चढलो.

गाडी हलली तशी लंकाबाई मागून आली. तिनं फळी धरली.

"दोन दिस झालं, मास्तर. न्या मला."

"हाक!" मी गाडीवानावर ओरडलो.

मूठ सुटेना. मी एकेक बोट उकलायला लागलो.

चार बोटं सुरकुतलेली, राठ होती.

करंगळी तेवढी कोवळी होती. सगळ्यांत घट्ट तिनंच धरलं होतं.

तीही मी उकलली.