काचेआडचं मोहाचं झाड

चित्र पुरं करायचं आणि मग हैदराबादला लेकीकडे जायचं, एवढंच पद्मिनीबाईंनी ठरवलं होतं. आदिलाबादचं घर आवरून झालं होतं. राहिलं होतं ते फक्त वारलेल्या नवऱ्याचं, शरदचंद्रांचं, शेवटचं अर्धवट चित्र. नेरडीगोंड्याकडच्या जंगलातलं मोहाचं झाड. बुंधा झालेला, पालवी राहिलेली.

तहसिलीतली नोकरी सांभाळून या माणसाने जन्मभर झाडंच काढली. पेस्टलच्या खडूची भुकटी कागदावर साचते; ती बोर्ड टिचकीने झटकून पाडायची असते. हे मात्र लहान मुलासारखे फुंकायचे. मग भुकटी नाकात, मग खोकला, मग बाईंचं ओरडणं. चित्राला काच लावायची म्हटलं की भलतेच बिघडायचे. म्हणायचे, "झाडाचा जीव कोंडते ना वं."

चैत्रातल्या एका दुपारी बाई चित्र घेऊन जंगलात गेल्या आणि त्या मोहासमोर बसल्या. मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास दाटला होता, आणि एक पान हलत नव्हतं. आधी गडद, उजेड शेवटी, ही शरदचंद्रांचीच शिकवण. तशी बाई तांबूस पालवी भरत गेल्या. भुकटी साचली. झटकायला बाईंनी हात उचलला...

त्याआधीच ती उडून त्यांच्या मांडीवर आली. खांद्याजवळून उबदार फुंकर आली होती.

भ्याल्या का? भ्याल्याच. हातातला खडू मोडला. पण मान काही वळवली नाही. वळून पाहावं आणि मागे कोणीच नसावं, याचीच भीती त्यांना जास्त होती.

"मी उद्या चालली," त्या हळूच म्हणाल्या. "अश्लेषाकडं. तुमी... येता का?"

 बाईंनी पोटभर रडून घेतलं, पालवी पुरी केली आणि चित्र उराशी धरून घरी आणलं.

हैदराबादेत अश्लेषाने मोठ्या कौतुकाने त्याला फ्रेम करून आणली. काच घालून, मागून स्क्रू पिळून. वडलांचं चित्र धुळीत खराब होईल, हे तिचंही खरंच होतं. पद्मिनीबाईंच्याने नको म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर काचेवर, पालवीच्या जागी, बशीएवढी वाफ धरलेली. त्यांनी पदराने पुसली. गेली नाही. वाफ आतल्या बाजूला होती. बघता बघता ती विरली. पुन्हा धरली. विरली. पुन्हा धरली, या खेपेला जरा घाईने.

"आई," स्वयंपाकघरातून अश्लेषाने विचारलं, "एवढी काऊन खोकलून राह्यली तू?"

पद्मिनीबाई खोकल्या नव्हत्या.

"थांबा... काढते," त्या काचेशी तोंड नेऊन पुटपुटल्या, आणि पेचकस शोधायला लगबगीने उठल्या.