पाठीवरचा पांढरा हात

पटो न पटो, ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या घरात ती घडली ते निवृत्तीमामा चेष्टेतसुद्धा खोटं बोलत नसत.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरचा दुष्काळ. अहमदपूरजवळचं गाव. जिल्हा आला, पण नळाला पाणी काही आलं नाही.

त्या सकाळी मामांची आई, कस्तुराबाई, भाकरी थापायला बसली...

आणि तिचा उजवा हात उचलेना.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना अर्धी करंगळी गेलेला, तोच हात. रात्रभर त्यावर कुणी निजल्यासारखा बधिर, पांढराफटक. सिंधूमामी हसली. म्हणाली, आज तुम्हाला सुट्टी.

दुसऱ्या दिवशी तार आली.

मामांचा धाकटा भाऊ भुजंग दुबईला मजुरीला गेला होता. आईचा हात बधिरला, त्याच रात्री झोपेतच गेला. खोलीत एकटाच होता.

कस्तुराबाई एकच विचारत राहिली, "त्याच्याजवळ कोन व्हतं?"

लहानपणी भुजंगला दमा होता. पाठीखाली आईचा तळहात असल्याशिवाय तो झोपायचा नाही.

मामा मुंबईला शव आणायला गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधीच समजावलं. पाठ जांभळी दिसेल, मारहाण समजू नका. जीव गेल्यावर रक्त खाली उतरतं आणि काही तासांनी तिथंच बसतं. शव टिकवायचं औषध भरलं की तो रंग जात नाही. पाठीखाली जे दाबलेलं असेल, तेवढी जागा मात्र पांढरी राहते.

शव गावात आलं. आंघोळीला पाणी कुठलं? अख्ख्या वस्तीनं घरटी एकेक तांब्या आणून दिला.

मामांनी भावाला कुशीवर वळवलं.

पाठ जांभळी. खांदे टेकले होते तिथं पांढरी.

आणि मधोमध...

एक पांढरा तळहात.

करंगळी अर्धीच.

मामांनी चादर ओढली, पण कस्तुराबाई मागेच उभी होती. तिनं चादर सारली आणि आपला हात त्या खुणेवर ठेवला.

बरोबर बसला.

"सपनात आलता," ती म्हणाली. "हात लई जड झाला, म्हून पहाटं म्या काढून घेतला रं. म्हून गेला माजा लेक."

मामांना रडू आवरेना.

"न्हाई माय. डाक्टर म्हनला, ह्यो डाग जीव गेल्यावर पडतो. तो गेल्यावरबी तुजा हात तिथंच व्हता."

तेव्हा कुठं ती माउली रडली.

त्या हाताला पुन्हा ऊब आली नाही. भर उन्हाळ्यातही गार असायचा. मरेपर्यंत ती शेजारी एक रिकामी वाकळ अंथरून, त्यावर तो हात उताणा ठेवून झोपायची. सकाळी मामी वाकळ उचलायला जायची...

वाकळ दबलेली असायची. आणि कोमट.

ती वाकळ मामीनं अजून जपून ठेवली आहे. मी पाहिली आहे. हात लावायचा धीर मात्र झाला नाही.